कॅमेरा बोलतो कसा?

एक जाड कागद घ्या. जुन्या वहीचा पुठ्ठाही चालेल. त्याच्या मधोमध ४ सेंमी रुंद आणि ३ सेंमी उंच अशी आयताकृती खिडकी कापा. आता एखाद्या मित्राला मोजून ६ मीटर अंतरावर उभे करा. एक डोळा मिटा आणि ही खिडकी दुसऱ्या डोळ्यापासून १० सेंमी अंतरावर धरून मित्राकडे पाहा. तो डोक्यापासून पायांपर्यंत सगळा दिसेल. शिवाय त्याच्या दोन्ही बाजूंची थोडी मोकळी जागाही दिसेल. आता खिडकी २० सेंमी अंतरावर न्या. मित्र साधारण कमरेपासून वर दिसू लागेल. मग हात लांब करून खिडकी ५० सेंमी अंतरावर धरा. आता चेहरा आणि खांदे एवढेच उरतील.

असे का होते हे भूमितीत शिकलेल्या समरूप त्रिकोणांवरून कळते. खिडकी १० सेंमी अंतरावर असते तेव्हा मित्र तिच्या ६० पट दूर असतो. म्हणून तिच्यातून ४ × ६० म्हणजे २४० सेंमी रुंद आणि ३ × ६० म्हणजे १८० सेंमी उंच एवढा भाग दिसतो. खिडकी २० सेंमीवर नेली की हे प्रमाण ३० पट होते आणि १२० × ९० सेंमीचा भाग दिसतो. ५० सेंमीवर ते फक्त १२ पट राहते आणि दिसणारा भाग ४८ × ३६ सेंमी एवढाच उरतो.

या प्रयोगात मित्र जागचा हलला नाही, तुम्हीही हलला नाहीत. तरी तुम्हाला तीन वेगळी चित्रे मिळाली. पहिल्या चित्रावरून मित्र कोठे उभा आहे हे कळले. दुसऱ्यावरून तो हातांनी काय करतो आहे हे कळले. तिसऱ्यावरून त्याच्या मनात काय चालले असावे याचा अंदाज आला. चित्रपटाच्या धंद्यातले लोक या तीन प्रकारांना लाँग शॉट, मिड शॉट आणि क्लोज-अप म्हणतात. शॉट म्हणजे कॅमेरा सुरू केल्यापासून बंद करेपर्यंत सलग घेतलेले चित्रण.

येथे आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. तिसऱ्या चित्रात चेहरा स्पष्ट झाला खरा, पण मित्र अंगणात उभा आहे की स्टेशनावर, हे कळेनासे झाले. म्हणजे कॅमेऱ्याच्या चौकटीत काही आणायचे तर दुसरे काही तरी बाहेर ठेवावेच लागते. काय आत घ्यायचे आणि काय बाहेर ठेवायचे हे कोणी तरी माणूस ठरवतो. कॅमेऱ्याची सारी भाषा या निवडीतून तयार झाली आहे.

प्रेक्षकाची खुर्ची हलली

२८ डिसेंबर १८९५ रोजी पॅरिस येथे ल्युमिएर बंधूंनी तिकीट लावून चित्रपट दाखवले. पुढच्याच वर्षी, ७ जुलै १८९६ रोजी, मुंबईच्या वॉटसन हॉटेलात त्यांचा खेळ झाला. हे चित्रपट जेमतेम मिनिटभराचे असत. कॅमेरा तिकाटण्यावर बसवायचा, समोर जे घडेल ते फिल्म संपेपर्यंत टिपायचे आणि थांबायचे, अशी ती रीत होती. नाटकाला गेलेला प्रेक्षक एकाच खुर्चीवर बसून सारा खेळ पाहतो, तसा हा कॅमेरा एका जागेवरून सारे पाहत असे.

मग १९०३ साली अमेरिकेत एडविन पोर्टर याने ‘द ग्रेट ट्रेन रॉबरी’ हा रेल्वेवरील दरोड्याचा चित्रपट काढला. त्यातली जवळजवळ सगळी दृश्ये दुरूनच घेतलेली होती. मात्र एका शॉटमध्ये दरोडेखोरांचा म्होरक्या छातीपासून वर, पडदाभर दिसतो आणि थेट प्रेक्षकांच्या दिशेने पिस्तूल झाडतो. गंमत अशी की हा शॉट कथेत कोठे बसवायचा हे नक्की नव्हते. तो आरंभी दाखवा किंवा शेवटी दाखवा, अशी मुभा चित्रपटगृहवाल्यांना दिलेली होती! जवळून घेतलेल्या चेहऱ्याचा परिणाम होतो हे लोकांना उमगले होते, पण तो गोष्ट सांगण्यासाठी कसा वापरावा हे अजून शिकायचे होते. पुढच्या दहा-बारा वर्षांत डेव्हिड ग्रिफिथसारख्या दिग्दर्शकांनी ते बरेचसे शिकून घेतले. प्रेक्षकाची खुर्ची जणू चित्रपटगृहभर फिरू लागली. घडीत ती मैदानाच्या टोकाला असे, तर घडीत माणसाच्या चेहऱ्यासमोर.

आपल्याकडचे एक उदाहरण घेऊ. प्रभात फिल्म कंपनी १९३३ साली कोल्हापूरहून पुण्याला आली. तेथे व्ही. शांताराम यांनी १९३४ साली ‘अमृतमंथन’ हा चित्रपट मराठी आणि हिंदी अशा दोन भाषांत काढला. राजाने देवीपुढील बळी बंद केल्यामुळे खवळलेला राजगुरू ही त्यातली मुख्य व्यक्तिरेखा होती. हिंदी चित्रपटात ही भूमिका चंद्रमोहन या नटाने केली होती. त्याच्या नुसत्या डोळ्याचा क्लोज-अप शांतारामांनी पडद्यावर आणला आणि तो गाजला.

तो का गाजला असेल, याचा हिशेब करून पाहा. माणसाचा डोळा सुमारे ३ सेंमी रुंद असतो. समजा, कॅमेऱ्याच्या चौकटीत ४ सेंमी रुंदीचाच भाग घेतला आणि चित्रपटगृहातला पडदा ८ मीटर रुंद आहे. मग पडद्यावर डोळा ६ मीटर रुंद होईल, म्हणजे २०० पट! नाटकात राग दाखवायचा तर नटाला आवाज चढवावा लागतो, हातवारे करावे लागतात, कारण शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकापर्यंत तो पोचला पाहिजे. क्लोज-अपमध्ये पापणी जराशी आकसली तरी पुरते. चित्रपटातला अभिनय नाटकाहून वेगळा झाला त्याचे एक मोठे कारण हे आहे. ज्या जागी प्रभातचा स्टुडिओ होता तेथेच १९६० साली केंद्र सरकारने चित्रपटविद्या शिकवणारी संस्था सुरू केली.

खालून पाहिले, वरून पाहिले

आता कॅमेऱ्याच्या उंचीकडे वळू. जमिनीवर बसून उभ्या माणसाकडे पाहा. त्याचे पाय आणि कंबर तुमच्या डोळ्यांना जवळ, म्हणून मोठी दिसतात. त्याचे डोके आभाळाला किंवा छताला टेकल्यासारखे वाटते. उलट, गच्चीवरून अंगणात उभ्या असलेल्या माणसाकडे पाहिले तर त्याचे डोके आणि खांदे दिसतात, पाय लहान होतात आणि त्याच्यामागे आभाळाऐवजी जमीन येते. लहानपणी आपण सर्व मोठ्या माणसांना खालूनच पाहिलेले असते. म्हणून खालून घेतलेला माणूस जबरदस्त वाटतो आणि वरून घेतलेला केविलवाणा वाटतो, असे पुष्कळदा सांगितले जाते.

पण हा नियम पाठ करून ठेवू नका. ‘सिटिझन केन’ या १९४१ सालच्या अमेरिकन चित्रपटातला एक प्रसंग पाहा. वर्तमानपत्रांचा बलाढ्य मालक केन निवडणूक हरला आहे. रिकाम्या कचेरीत तो आणि त्याचा जुना मित्र बोलत आहेत. हा प्रसंग इतक्या खालून घेतला आहे की त्यासाठी दिग्दर्शक ऑर्सन वेल्स आणि छायाचित्रकार ग्रेग टोलंड यांना स्टुडिओची जमीन फोडून कॅमेरा खड्ड्यात ठेवावा लागला. त्या काळी सेटना सहसा छत नसे, कारण वरून दिवे सोडलेले असत. येथे कॅमेरा वर पाहत असल्यामुळे छत हवेच होते. म्हणून कापड ताणून छते केली. परिणाम काय झाला? केन राक्षसासारखा मोठा दिसतो, पण त्याच्या डोक्यावर छत दाबल्यासारखे आले आहे. माणूस मोठा आहे, हरलेला आहे आणि एकटा आहे, या तिन्ही गोष्टी एकाच शॉटमधून कळतात. ‘खालून म्हणजे शक्ती’ एवढे सूत्र येथे पुरत नाही.

जपानचे दिग्दर्शक यासुजिरो ओझू यांचे उदाहरण तर आणखी निराळे आहे. ‘टोकियो स्टोरी’ या १९५३ सालच्या चित्रपटात त्यांचा कॅमेरा घराच्या जमिनीपासून थोड्याच उंचीवर असतो. तेथे कोणाला बलाढ्य दाखवायचे नाही. जपानी घरात माणसे चटईवर बसतात, जेवतात, बोलतात. कॅमेराही त्यांच्याबरोबर खाली बसला आहे. आपल्याकडे पंगतीत बसलेल्या माणसांचे चित्रण उभ्याने केले तर नुसती डोकी आणि पानेच दिसतील. चेहरे पाहायचे असतील तर आपल्यालाही पंगतीतच बसायला हवे.

तात्पर्य, शॉटचा अर्थ शब्दकोशातल्या शब्दासारखा ठरलेला नसतो. शॉटमध्ये कोण आहे, प्रसंग कोणता आहे आणि आधी काय दाखवले आहे, यांवर तो ठरतो.

जवळ गेल्याने काय होते?

आता घरातल्या मोबाइलवर एक प्रयोग करता येईल. मित्राचा चेहरा ३० सेंमी अंतरावरून टिपा. मग दीड मीटर मागे जा आणि झूम वापरून चेहरा पहिल्याएवढाच मोठा करून पुन्हा टिपा. दोन्ही चित्रे शेजारी ठेवून पाहा. पहिल्या चित्रात नाक मोठे आणि कान मागे गेलेले दिसतील. दुसऱ्यात चेहरा नेहमीसारखा दिसेल.

याचे कारण सोपे आहे. नाकाचे टोक आणि कान यांत साधारण १२ सेंमीचा फरक असतो. नाक ३० सेंमीवर असेल तर कान ४२ सेंमीवर असतात, म्हणजे १.४ पट दूर. तेवढ्या प्रमाणात ते लहान दिसणार. नाक १५० सेंमीवर असेल तर कान १६२ सेंमीवर, म्हणजे जेमतेम १.०८ पट दूर. फरक जवळजवळ नाहीसाच होतो. अनेकांना वाटते की हा भिंगाचा गुण आहे. खरे पाहता हा अंतराचा गुण आहे. झूम फक्त चित्राचा आकार वाढवते, वस्तूंमधले प्रमाण बदलत नाही. ते कॅमेरा कोठे उभा आहे यावर ठरते.

हाच प्रयोग मैदानात करा. मित्राच्या मागे ८ मीटरवर एखादे झाड असू द्या. तुम्ही मित्रापासून २ मीटरवर उभे राहिलात तर झाड १० मीटरवर, म्हणजे मित्राच्या ५ पट दूर येते. ६ मीटरवर गेलात तर झाड १४ मीटरवर येते, म्हणजे फक्त २.३ पट दूर. दुसऱ्या वेळी झूम करून मित्र पहिल्याएवढा मोठा केलात, तर मागचे झाड पहिल्यापेक्षा दुपटीहून मोठे दिसेल. ते अगदी मित्राच्या पाठीशी आल्यासारखे वाटेल.

आल्फ्रेड हिचकॉक यांच्या ‘व्हर्टिगो’ या १९५८ सालच्या चित्रपटात या तत्त्वाचा फार नामी उपयोग केला आहे. नायकाला उंचीची भीती आहे. तो मनोऱ्याच्या जिन्यावरून खाली पाहतो तेव्हा जिन्याची खोली एकाएकी लांबत गेल्यासारखी दिसते. त्यासाठी कॅमेरा सरकवत नेला आणि त्याच वेळी झूम भिंग उलट दिशेने फिरवले. चौकट तेवढीच राहिली, पण जवळच्या आणि दूरच्या वस्तूंचे प्रमाण बदलत गेले. जिना खरा नव्हता. त्याची छोटी प्रतिकृती आडवी ठेवून हे चित्रण केले होते. ‘मला घेरी येते’ असे नायकाला म्हणावे लागत नाही. प्रेक्षकाच्याच पोटात गोळा येतो.

हे झाले करमणुकीचे. परंतु बातम्यांची चित्रेही याच नियमाने घेतली जातात. २०२० साली करोनाच्या साथीत माणसे एकमेकांपासून अंतर राखतात की नाही, यावरून अनेक देशांत मोठे वाद झाले. वर्तमानपत्रांतल्या गर्दीच्या छायाचित्रांवरून लोक एकमेकांना दोष देत होते. तेव्हा डेन्मार्कमधील एका वृत्तछायाचित्र संस्थेच्या छायाचित्रकारांनी एक चांगली गोष्ट केली. रांगेत उभी असलेली किंवा बाकांवर बसलेली तीच माणसे त्यांनी दोन प्रकारे टिपली. एकदा जवळून रुंद दृश्यकोनाच्या भिंगाने आणि एकदा दुरून दूरचित्रण भिंगाने. एका चित्रात माणसांमध्ये चांगले अंतर दिसत होते, तर दुसऱ्यात ती खेटून उभी असल्यासारखी वाटत होती. दोन्ही छायाचित्रे खरी होती. कोणीही त्यांत खाडाखोड केलेली नव्हती.

दोन शॉट्सच्या मध्ये काय असते?

आतापर्यंत आपण एकेका शॉटचा विचार केला. पण चित्रपटात शॉट एकटा येत नाही. त्याच्या आधी एक असतो, नंतर एक असतो. हे तुकडे जोडण्याच्या कामाला संकलन म्हणतात.

रशियात क्रांतीनंतरच्या काळात, १९२० च्या सुमारास, लेव्ह कुलेशोव्ह या तरुण दिग्दर्शकाने एक प्रयोग केला. मोझुखिन नावाच्या प्रसिद्ध नटाच्या चेहऱ्याचा एक शॉट त्याने घेतला. चेहऱ्यावर विशेष असा कोणताच भाव नव्हता. तोच शॉट त्याने तीन वेगळ्या चित्रांना जोडला. त्याचा सहकारी पुदोव्हकिन सांगतो त्याप्रमाणे एकदा सूपचे ताट, एकदा शवपेटीतील मृत स्त्री आणि एकदा खेळण्याशी खेळणारी लहान मुलगी अशी ती चित्रे होती. प्रेक्षकांनी नटाच्या अभिनयाची तारीफ केली म्हणतात. त्यांना ताटाकडे पाहताना तो विचारात पडलेला वाटला, मृत स्त्रीकडे पाहताना दुःखी वाटला आणि मुलीकडे पाहताना आनंदी वाटला. चेहरा तर तोच होता!

ही हकीकत चित्रपटाच्या बहुतेक पुस्तकांत येते. पण विज्ञानाचा विद्यार्थी ऐकीव गोष्टीवर थांबत नाही. मूळ प्रयोगाची फिल्म आज उपलब्ध नाही, आणि त्यात कोणती चित्रे होती याबद्दलही निरनिराळी वर्णने आहेत. म्हणून संशोधकांनी तो प्रयोग पुन्हा करून पाहिला. १९९२ साली अमेरिकेत केलेल्या प्रयोगात असा परिणाम ठळकपणे दिसला नाही. २००६ आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत मात्र शेजारच्या चित्रामुळे चेहऱ्याचा अर्थ बदलतो असे आढळले, जरी तो परिणाम पुस्तकातल्या कथेइतका जादूचा नव्हता. चेहऱ्यावर जे नाही ते आपले मन शेजारच्या चित्रातून आणून भरते, एवढे मात्र यावरून म्हणता येते.

वर्गात करून पाहा

हा प्रयोग तुम्हालाही करता येईल. शिक्षकांनी एखादा तास दिला तर उत्तमच. मोबाइल एखाद्या टेबलावर किंवा पुस्तकांच्या चळतीवर घट्ट ठेवा, म्हणजे हात हलणार नाही. विषय साधा आहे : एक मुलगी वर्गात उशिरा येते.

आधी दोन शॉट्स घ्या. एकात मुलगी दारात उभी राहून समोर पाहते आहे. चेहऱ्यावर कोणताही भाव आणायचा नाही. शॉट ५ सेकंदांचा. दुसऱ्यात फळ्यावर लिहिणाऱ्या बाईंचा हात मध्येच थांबतो. फक्त हात आणि खडू, क्लोज-अप. हे दोन शॉट्स दोन्ही चित्रपटांत जसेच्या तसे वापरायचे आहेत.

पहिल्या चित्रपटासाठी भिंतीवरच्या घड्याळाचा क्लोज-अप घ्या. शाळा अकराला भरत असेल तर त्यात अकरा वाजून वीस मिनिटे झालेली दिसू द्या. मग सगळा वर्ग खाली मान घालून लिहितो आहे असा लाँग शॉट घ्या. त्यापुढे दारातली मुलगी आणि शेवटी खडू जोडा.

दुसऱ्या चित्रपटासाठी तापाने निजलेला लहान भाऊ आणि त्याच्या कपाळावर पाण्याची पट्टी ठेवणारा हात, असा क्लोज-अप घ्या. मग मोकळ्या रस्त्यावरून दप्तर सांभाळत ती मुलगी धावते आहे असा लाँग शॉट घ्या. त्यापुढे तीच दारातली मुलगी आणि तोच खडू.

आता ज्यांना काही ठाऊक नाही अशा ३० विद्यार्थ्यांच्या चिठ्ठ्या टाकून दोन गट करा. एका गटाला पहिला चित्रपट दाखवा, दुसऱ्याला दुसरा. एका गटाने दुसऱ्याचा चित्रपट पाहता कामा नये. नंतर प्रत्येकाने न बोलता दोन प्रश्नांची उत्तरे लिहायची. दारातल्या मुलीला काय वाटते आहे? आणि बाईंचा हात का थांबला? उत्तरांचे वर्गीकरण करून दोन्ही गटांची तुलना करा. तुमचा निष्कर्ष काय येईल हे आम्ही सांगत नाही. कदाचित फरक मोठा येईल, कदाचित येणार नाही. जो येईल तो नोंदवहीत लिहा. ३० जणांवरून जगाचा नियम सिद्ध होत नाही, हेही लिहून ठेवा.

नंतर दोन्ही गटांनी दोन्ही चित्रपट पाहावेत आणि एका प्रश्नावर चर्चा करावी. यांतला कोणता चित्रपट खोटा आहे? मुलगी उशिरा आली हे खरे. घरी भाऊ आजारी होता हेही खरे. पहिल्या चित्रपटाने एकही खोटे चित्र दाखवले नाही. त्याने भावाला फक्त चौकटीबाहेर ठेवले. पण तेवढ्यावरून वर्गातल्या १५ जणांनी त्या मुलीबद्दल मत बनवले असेल. दुसऱ्या चित्रपटानेही घड्याळ दाखवले नाही, आणि वर्गाची वीस मिनिटे गेली हे सांगितले नाही, हे विसरू नका.

पाहताना विचारायचे प्रश्न

आज शाळेतल्या मुलांच्या हातातही कॅमेरा असतो. रोज कोणाच्या तरी भांडणाची, अपघाताची, मोर्चाची चित्रफीत आपल्यापर्यंत पोचते. ती काही सेकंदांची असते आणि तेवढ्यात आपण ‘चूक कोणाची’ ते ठरवून मोकळे होतो. ‘डोळ्यांनी पाहिले’ एवढा पुरावा आपल्याला पुरेसा वाटतो. म्हणून अशी चित्रफीत पुढे पाठवण्याआधी चार प्रश्न स्वतःला विचारा.

१. कॅमेरा कोठे उभा आहे? जवळ की दूर, वर की खाली, कोणाच्या बाजूला?

२. चौकटीच्या बाहेर काय असू शकेल?

३. शॉट केव्हा सुरू झाला आणि केव्हा तोडला? त्याच्या आधी आणि नंतर काय घडले असेल?

४. त्याच्या शेजारी दुसरे कोणते चित्र जोडले आहे, आणि ते नसते तर मला काय वाटले असते?

या प्रश्नांमुळे चित्रपट पाहण्याची मजा कमी होईल अशी भीती बाळगू नका. व्याकरण शिकल्याने कवितेची गोडी जात नाही. उलट एखाद्या दिग्दर्शकाने ऐन प्रसंगात कॅमेरा दूर का नेला असेल, हे कळले की तो प्रसंग दुसऱ्यांदा पाहावासा वाटतो. आणि एखाद्या माणसाविषयी केवळ चित्र पाहून मत बनवायची वेळ आली, तर आपण क्षणभर थांबतो. चौकटीबाहेर कोणी तापाने निजलेले तर नाही ना, हे विचारण्यापुरते तरी.